पासवर्ड टाकल्यावर मशीन कुणाची वाट बघतंय?

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचला बसणारी मुलगी रोज सकाळी नऊला पासवर्ड टाकायची आणि उठून गेटवर जायची. तिथं ट्रकवाला उभा असायचा. "दादा, दहा मिनिटं थांबा, मशीन उघडालंय अजून," एवढं सांगून परत यायची. कास्टिंग भरून झालेलं, काट्यावर वजन झालेलं, पण ई-वे बिल हातात आल्याशिवाय गाडी हलत नाही आणि ते काढायला मशीन उघडायला पाहिजे. मशीन 'वेलकम' दाखवत गोल फिरवत बसलेलं. मालकांनी तिला नवीन मशीन घेऊन दिलं, आय-फाइव्ह, 16 जीबी रॅम. तरी दहा मिनिटं ती दहा मिनिटंच. मग मला बोलावलं.

मी कोल्हापुरात नेटवर्कची कामं करते, सतरा वर्षं झाली. उद्यमनगरातली वर्कशॉप, गोकुळ शिरगाव आणि कागलचे कारखाने, लक्ष्मीपुरीतली होलसेलची ऑफिसं. 'लॉगिनला वेळ लागतोय' ही तक्रार घेऊन जिथं जिथं गेले, तिथं बहुतेक ठिकाणी आधीच रॅम वाढवून झालेली असते, विंडोज नव्यानं टाकून झालेलं असतं. छोट्या धंदेवाल्याचे हे पैसे असे गेलेले बघून जीव तुटतो. कारण डोमेनवरचं मशीन, म्हणजे ज्याचं नाव-पासवर्ड ऑफिसचा सर्व्हर तपासतो ते, पासवर्ड टाकल्यावर निवांत राबत नसतं, कुणाला तरी हाक मारून उत्तराची वाट बघत असतं. सर्व्हरची, प्रिंटरची, कधीकाळच्या एखाद्या शेअर फोल्डरची. कुणाची वाट बघतंय हे कळलं की निम्मं काम झालं.

हे लिहितेय ते अकाउंट्स सांभाळता सांभाळता ज्यांच्या गळ्यात ऑफिसच्या सर्व्हरचा पासवर्डही पडला आहे त्यांच्यासाठी. एक विंडोज सर्व्हर, त्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्या माणसांची आणि मशीनची खाती ठेवणारी), आणि वीस ते पन्नास मशीन, असं ऑफिस डोळ्यासमोर धरलं आहे.

आधी मोजा, मग हात लावा

मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि तीन आकडे वेगवेगळे काढा. बटण दाबल्यापासून पासवर्डची पाटी येईपर्यंत किती. पासवर्ड टाकून एंटर मारल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत किती. आणि डेस्कटॉप दिसल्यापासून टॅली किंवा एक्सेल खरोखर उघडेपर्यंत किती. लोक या तिन्हीला मिळून 'लॉगिन' म्हणतात, पण तिन्हीची दुखणी वेगळी. पहिला आणि तिसरा मोठा असेल तर बहुतेक वेळा ते मशीनचं स्वतःचं दुखणं, तिथं पुढचं निम्मं वाचायची गरज नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली दिसते. तिथं एसएसडी टाका आणि विषय संपवा. स्टार्टअपला बसलेली फालतू सॉफ्टवेअर काढा. अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन सकाळी नऊला लावलेला असेल तर तो दुपारच्या जेवणाच्या वेळेवर न्या.

मधला आकडा मोठा असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

सगळ्यात कामाची चाचणी फुकटची आहे. मशीन नीट साइन आउट करून बंद करा, नेटवर्कची वायर काढा, वायफाय असेल तर तेही बंद करा, आणि त्याच माणसाच्या नावानं लॉगिन करा. आधी त्या मशीनवर तो माणूस बसलेला असेल तर विंडोज त्याला जुन्या ओळखीवर आत घेतं; मुळात मागच्या 10 जणांची ओळख मशीन जपून ठेवतं. वायर काढल्यावर लॉगिन वीस सेकंदांत झालं आणि वायर लावल्यावर सहा मिनिटं लागली, तर मशीन निर्दोष आहे. नवीन मशीन घ्यायची फाइल तिथंच मिटवा. दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागला तर मात्र मशीनमध्येच बघा. काही ऑफिसांत ही जुनी ओळख पॉलिसीनं, म्हणजे सर्व्हरवरून मशीनना लावलेल्या नियमानं, बंद केलेली असते, तिथं वायरीशिवाय आत जाताच येणार नाही. तसं झालं तर घाबरू नका, वायर परत लावा.

दुसरी चाचणी अदलाबदलीची. तोच माणूस शेजारच्या मशीनवर बसवा, आणि शेजारचा माणूस त्याच्या मशीनवर. माणसाबरोबर उशीर फिरला तर दुखणं त्याच्या प्रोफाइलमध्ये (त्याचा डेस्कटॉप, फाइली, सेटिंग) किंवा त्याला लागणाऱ्या पॉलिसीत. मशीनबरोबर राहिला तर वायर, स्विच, नेटवर्क सेटिंग. सगळ्यांनाच सारखा उशीर असेल तर सर्व्हरकडे आणि डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडे, वळा.

डीएनएस: निम्म्या तक्रारी इथंच संपतात

शिरोलीच्या त्या मुलीच्या मशीनवर वायर काढून लॉगिन केलं, डेस्कटॉप पंचवीस सेकंदांत आला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग वायर लावली, कमांड प्रॉम्प्ट उघडला, आयपीकॉन्फिग /ऑल मारलं. डीएनएस सर्व्हरच्या ओळीत 8.8.8.8, खाली दुसरा 8.8.4.4. ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता कुठंच नाही. दोन महिन्यांपूर्वी इंटरनेट जोडायला आलेल्या माणसानं "नेट फास्ट चालेल" म्हणून डिस्पॅचच्या आणि अकाउंट्सच्या मशीनवर हातानं टाकून दिलं होतं. त्यानं चांगल्या मनानंच केलेलं होतं. नवीन मशीन आलं तेव्हा जुन्या मशीनवरची सेटिंग तशीच्या तशी उतरवून घेतली, म्हणून दुखणंही बरोबर आलं.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुन्हा कुणी तसं करणार नाही. डोमेनवरचं मशीन लॉगिनच्या वेळी डीएनएसला विचारतं, की आमच्या डोमेनचा सर्व्हर कुठं बसतो? ही माहिती फक्त तुमच्या ऑफिसच्या डीएनएसमध्ये असते, आणि तो डीएनएस बहुतेक ठिकाणी डोमेन सर्व्हरवरच चालतो. गूगलच्या 8.8.8.8 ला तुमच्या कारखान्याचं आतलं डोमेन माहीत असायचं कारण नाही. ते सांगतं, असं नाव नाही. मग मशीन दुसऱ्या वाटांनी शोधत बसतं, हाका मारतं, थांबतं, पुन्हा मारतं, आणि शेवटी जुन्या ओळखीवर आत सोडतं. लॉगिन होतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. फक्त वेळ जातो.

"मग पहिला आपला ठेवतो आणि दुसरा गूगलचा, सर्व्हर बंद पडला तर नेट तरी चालेल," असं मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं. असं करू नका. सर्व्हर क्षणभर उत्तराला उशिरा आला की विंडोज दुसऱ्याकडे जातं आणि काही काळ तिथंच रमतं. तेवढ्यात कुणी लॉगिन केलं की त्याला उशीर, आणि बाकीच्यांना नाही. कधी होतंय, कधी नाही, हे दुखणं शोधायला सगळ्यात अवघड. मशीनवर फक्त ऑफिसच्या डोमेन सर्व्हरचे पत्ते. दोन सर्व्हर असतील तर दोन्ही. बाहेरचं डीएनएस द्यायचंच असेल तर सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर म्हणून द्या, म्हणजे सर्व्हरला माहीत नसलेली नावं तो तिथं विचारेल. इंटरनेट तेवढंच चालेल.

सेटिंग दुरुस्त केल्यावर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस मारा. मग एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी: (nltest /dsgetdc:) लिहून त्याला चिकटून डोमेनचं नाव द्या. सर्व्हरचं नाव आणि पत्ता झटक्यात आला पाहिजे. पाच-दहा सेकंद विचार करत बसलं तर अजून कुठंतरी गाठ आहे.

मशीनवर पत्ता आपोआप येत असेल आणि तरीही डीएनएस चुकीचा दिसत असेल, तर आयपीकॉन्फिगमध्येच डीएचसीपी सर्व्हरची, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याची, ओळ वाचा. तो पत्ता ओळखीचा आहे का? गोकुळ शिरगावात एका ऑफिसात पत्ता भलताच निघाला. शोधत शोधत गेले तर शॉप फ्लोअरच्या केबिनमध्ये कपाटावर एक छोटा वायफाय राउटर. मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून सुपरवायझरनी स्वतःच्या पैशानं आणून लॅनच्या पोर्टात जोडलेला. तो राउटर अर्ध्या ऑफिसला पत्ते वाटत होता आणि डीएनएस म्हणून स्वतःचंच नाव सांगत होता. त्याचं डीएचसीपी बंद केलं, राउटर तिथंच राहू दिला. माणसाची गरज खरी होती.

मेलेल्या सर्व्हरला हाक

डीएनएस बरोबर असूनही उशीर होतोय, तर मशीनलाच विचारा. ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, तिथं 'डिस्प्ले हायली डिटेल्ड स्टेटस मेसेजेस' नावाची सेटिंग आहे. ती चालू करा. नुसत्या 'वेलकम'ऐवजी त्या क्षणी काय चाललंय ते पडद्यावर दिसायला लागतं. मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढते आणि मागं-पुढं करून बघते, कोणत्या ओळीवर सगळ्यात जास्त थांबलं.

शाहूपुरीतल्या एका ऑफिसात असा व्हिडिओ काढला. 2019 च्या ऑगस्टच्या महापुरात तिथं तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. सर्व्हर टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला, तो गेलाच. डेटाची हार्ड डिस्क आदल्या रात्री घरी नेलेली म्हणून धंदा वाचला. नवीन सर्व्हर आला, नवीन नावानं, पहिल्या मजल्यावर बसवला. सगळं सुरू झालं आणि सगळ्यांचं लॉगिन तीन-चार मिनिटांवर गेलं. लोकांनी समजूत करून घेतली की पुरानंतर वायरिंग खराब झालंय. व्हिडिओत मशीन प्रिंटरच्या पॉलिसीवर जाऊन ठप्प उभं राहिलेलं.

नक्की आकडा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळतो. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुप पॉलिसी, ऑपरेशनल, असं उतरत जा. 8001 नंबरच्या नोंदीत त्या माणसाच्या लॉगिनला सगळ्या पॉलिसी मिळून किती सेकंद लागले ते लिहिलेलं असतं. मग त्याच वेळेच्या आसपासच्या 5016 च्या नोंदी एकेक उघडा. प्रत्येकीत पॉलिसीच्या एका भागाचं नाव आणि त्याला लागलेले मिलिसेकंद. चांगल्या मशीनवर हे आकडे शेकड्यांत, फार तर हजार-दोन हजारांत असतात. तिथं प्रिंटरच्या समोर एक लाख चाळीस हजारांच्या वर आकडा होता. म्हणजे दोन मिनिटं वीस सेकंद नुसती प्रिंटरसाठी.

पॉलिसी उघडून बघितली तर तीन प्रिंटर, तिन्ही जुन्या सर्व्हरच्या नावावर. सर्व्हर पुरात गेला, पण पॉलिसीत त्याचं नाव जिवंत, आणि डीएनएसमध्येही त्याचा पत्ता तसाच. पस्तीस माणसं रोज सकाळी त्या गेलेल्या सर्व्हरला हाक मारायची आणि तो उत्तर देईल म्हणून थांबायची. तिन्ही नोंदी काढल्या, नव्या नावानं घातल्या, डीएनएसमधली जुनी नोंद पुसली. लॉगिन पस्तीस सेकंदांवर आलं. तिथल्या वयस्क अकाउंटंट काकांनी दोनदा साइन आउट करून परत आत जाऊन बघितलं. "एवढंच होतं व्हय?" म्हणाले.

म्हणून सर्व्हर बदलला की जुनं नाव या सगळ्या जागी शोधा. प्रिंटर आणि ड्राइव्ह मॅपच्या (शेअर फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडायच्या) पॉलिसीत, लॉगऑन स्क्रिप्टमध्ये (लॉगिनला आपोआप चालणाऱ्या कमांडच्या फाइलीत), वॉलपेपर शेअर फोल्डरवरून येत असेल तर त्या पॉलिसीत. आणि एक जागा हमखास राहते: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत माणसाचं खातं उघडून प्रोफाइलचा टॅब बघा. तिथं होम फोल्डरला जुन्या सर्व्हरचा मार्ग असेल तर पॉलिसी कितीही साफ केली तरी त्या एका माणसाचा उशीर जात नाही. कोणत्या माणसाला कोणत्या पॉलिसी लागतात याचा कागद हवा असेल तर त्याच्या मशीनवर जीपीरिझल्ट /एच (gpresult /h) आणि पुढं फाइलचं नाव द्या, ब्राउझरमध्ये उघडणारा अहवाल तयार होतो.

ड्राइव्ह आणि प्रिंटरच्या पॉलिसीत 'रिप्लेस' निवडलेलं असेल तर ते 'अपडेट' करा. रिप्लेस म्हणजे दर लॉगिनला जुनं काढायचं आणि नव्यानं जोडायचं. एकदा जोडलेला ड्राइव्ह रोज तोडून जोडायची गरज नसते.

कुणी म्हणालं की लॉगिन लवकर होतंय पण ड्राइव्ह पाच मिनिटांनी दिसतोय, तर ते वेगळं आहे. विंडोज 8.1 पासून लॉगऑन स्क्रिप्ट मुद्दाम 5 मिनिटं उशिरा चालवली जाते. 'कॉन्फिगर लॉगऑन स्क्रिप्ट डिले' ही पॉलिसी शून्य करा, किंवा ड्राइव्ह स्क्रिप्टमधून काढून ड्राइव्ह मॅपच्या पॉलिसीत घाला. दुसरं बरं.

ॲप्लिकेशन लॉगमध्ये विनलॉगॉनच्या नावानं 6005 आणि 6006 आहेत का तेही बघा. 6006 मध्ये कोणासाठी किती सेकंद थांबलं ते असतं. जीपीक्लायंट असेल तर पॉलिसी, प्रोफाइल्स असेल तर पुढचा भाग. सिस्टिम लॉगमध्येही 6005 दिसेल, तो मशीन सुरू झाल्याचा; त्यावर वेळ घालवू नका.

डेस्कटॉपवरची चौदा जीबी

रोमिंग प्रोफाइल असेल, म्हणजे माणूस कुठल्याही मशीनवर बसला तरी त्याचा डेस्कटॉप मागोमाग येतो, तर तो डेस्कटॉप किती जड आहे ते बघा. एका डिझाइन विभागात एका मुलाच्या डेस्कटॉपवर पॅटर्नच्या ड्रॉइंगा, कॅडच्या फाइली आणि भावाच्या लग्नाचे व्हिडिओ मिळून 14 जीबी होतं. 100 एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साधारण 11 एमबी जातात. म्हणजे नव्या मशीनवर बसला की वीस मिनिटांच्या वर नुसती वाहतूक. रोज एकाच मशीनवर बसणाऱ्याचं फक्त बदललेलं येतं, त्यामुळं तेवढं जाणवत नाही. पण साइन आउटनंतर प्रोफाइल पुसायची पॉलिसी लावली असेल तर रोज सगळं नव्यानं.

त्याला "फाइली काढ" म्हणून भागत नाही. काम करणारा माणूस डेस्कटॉपवरच ठेवणार, ते त्याच्या हाताला सोपं. फोल्डर रीडायरेक्शन लावा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सर्व्हरवरच राहतात, लॉगिनला उचलून आणावे लागत नाहीत. पहिल्यांदा लावाल त्या दिवशी सगळं हलवायला वेळ जाईल, म्हणून संध्याकाळी किंवा साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी लावा, आणि आधी बॅकअप घ्या.

वायर

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या धड लागतात, 100 ला दोन पुरतात. फॉल्स सीलिंगमध्ये उंदरानं उरलेल्या दोनपैकी एक जोडी कुरतडली की लाइन बंद पडत नाही, गपचूप 100 वर उतरते. कुणाला कळत नाही. मशीनवर नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा, 100 किंवा 10 दिसला तर पॅच कॉर्ड बदला, मग भिंतीवरच्या आयओ बॉक्सचं पंचिंग (तारांची जोडणी), मग स्विचचं पोर्ट.

मॅनेज्ड स्विच असेल आणि बटण दाबल्यावर पहिलं अर्धं मिनिट नेटवर्कच नसेल, तर स्पॅनिंग ट्री बघा, म्हणजे वायरी गोल फिरून एकमेकींत अडकू (लूप होऊ) न देणारी स्विचची व्यवस्था. पोर्ट ऐकायला 15 सेकंद आणि शिकायला 15 सेकंद घेतं, मग उघडतं. नवीन मशीन एसएसडीवर त्याच्या आधीच पासवर्डच्या पाटीपर्यंत पोचलेलं असतं. ज्या पोर्टांवर फक्त कॉम्प्युटर आहेत तिथं पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच उघडायची सेटिंग) चालू करा. स्विचला स्विच जोडलेल्या पोर्टांवर कधीच नको, लूप झाला तर सगळं ऑफिस बसेल.

रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या ऑफिसांत मदरबोर्डचा सेल संपला की तारीख मागं जाते. केरबेरॉसला, म्हणजे डोमेनवर ओळख तपासायच्या पद्धतीला, सर्व्हर आणि मशीनच्या घड्याळात 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. सीआर 2032 नाण्यासारखा सेल असतो, बदला.

कारखान्याची शाखा असेल, शिरोलीला एक सर्व्हर आणि कागलला एक, तर कागलच्या मशीनवर सेट एल (set l) मारून लॉगऑन सर्व्हर कोणता येतो ते बघा. शिरोलीचं नाव आलं तर ते मशीन व्हीपीएनवरून महामार्ग ओलांडून लॉगिन करतंय. 'साइट्स अँड सर्व्हिसेस'मध्ये कागलची आयपी रेंज कागलच्या साइटला जोडलेली नसते, हेच कारण. शाखेत नवीन मशीन वाढली, नवीन रेंज घेतली, आणि इथं नोंदवायचं राहिलं, असं होतं.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. दोन एकदम केले तर कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि दुसऱ्या ऑफिसात तेच दुखणं आलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं मोजमाप सोमवारी सकाळी नऊला घ्या. दुपारी तीनला एकटं मशीन सगळ्यांचंच पळतं. सोमवारी सगळे एकदम पासवर्ड टाकतात, त्यात रविवार रात्रीचा बॅकअप लांबलेला असेल तर तोही सर्व्हरवर बसलेला असतो. बॅकअप कधी संपतो ते त्याच दिवशी बघून घ्या.

मी प्रत्येक ऑफिसात रॅकवर एक शंभर पानी वही ठेवते, दोरीनं बांधून. तारीख, मशीनचं नाव, तीन आकडे, काय बदललं, कुणी बदललं. इंटरनेटवाला आला तरी त्यानं लिहायचं, हे मालकांच्या समोर सांगते. शिरोलीच्या वहीत पहिल्या पानावर डिस्पॅचच्या मशीनसमोर आधीचा मधला आकडा 9 मिनिटं 40 सेकंद आहे, आणि डीएनएस बदलल्यानंतरचा 31 सेकंद. खाली त्या मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'गाडी 9:12 ला सुटली'.